गाडीचे इंजिन बदलताना



बैलजोडीतला एक बैल दगावला, तर शेतकरी काय करतो? तो बाजारात जातो. पण दिसला तो बैल सोडवून आणत नाही. घरी उरलेल्या बैलाच्या खांद्याला तो लागतो का, चालीला सारखा आहे का, दाती किती, खोडी काय, हे सारे आधी पाहतो. सौदा पटला तरी बाजाराची पावती हातात पडल्याशिवाय जनावर गावाकडे हाकत नाही. उद्या वाटेत कोणी विचारले, "हा बैल कोणाचा?" तर दाखवायला कागद पाहिजे, हे त्याला ठाऊक असते. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

आज मला बोलायचे आहे ते बैलाविषयी नव्हे, तर बैलाचे पुष्कळसे काम जिने आपल्याकडे घेतले, त्या गाडीविषयी. खेड्यापाड्यांतून आता जीप, पिकअप, टेम्पो आणि लहान मोटारी घरच्या होऊन बसल्या आहेत. पहाटे दूध डेअरीवर, मग भाजी बाजारात, दहा वाजता मुले शाळेत आणि अपरात्री आजारी माणूस तालुक्याच्या दवाखान्यात. एकच गाडी दिवसभर राबत असते. अशी गाडी लाखांनी किलोमीटर धावली म्हणजे तिचे इंजिन थकते. ऑईल पिऊ लागते, चढावर दम टाकते, निळा धूर ओकते. किंवा एखाद्या दिवशी रेडिएटरमधले पाणी संपल्याचे कळत नाही, इंजिन तापते आणि जागच्या जागी धरते. मग गॅरेजातला मिस्त्री सांगतो, "मालक, ह्यात आता काही राहिलं नाही. भंगारात दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन आलंय. दोन दिवसांत बसवून देतो."

आता बघा, बैल घेताना सतरा गोष्टी पाहणारा हाच शेतकरी इथे मात्र पटकन मान डोलावतो. गाडी उभी राहिली की रोजचे उत्पन्न थांबते, घाई असते. परंतु मंडळी, इंजिन बदलणे हे नुसते पान्ह्याचे काम नाही. त्यात कायद्याचा प्रश्न आहे आणि धुराचाही प्रश्न आहे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या नसून एकच कशा आहेत, तेच मी आज सांगणार आहे.

आधी धुराचे पाहू. इंजिन म्हणजे एक बंद नळकांडे, त्यात वर-खाली धावणारा दट्ट्या, आणि हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. आत इंधन पेटते, वायू फुगतात, दट्ट्या ढकलला जातो आणि चाक फिरते. थोडक्यात, इंजिन ही एक चूलच आहे. चुलीत ओले सरपण घातले किंवा हवा कोंडली की घरभर धूर होतो. कोरडे सरपण आणि पुरेशी हवा मिळाली की ज्योत स्वच्छ लागते. इंजिनाचेही तसेच. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. कारण तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. याशिवाय न जळलेले इंधन वाफेच्या रूपाने बाहेर पडते. फार तापलेल्या नळकांड्यात हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन घसा-छाती जाळणारे वायू होतात. डिझेलच्या इंजिनातून त्यात काजळीची भर पडते. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असा स्पष्ट निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली दिलेला आहे.

धुराचा रंग हा इंजिनाच्या नाडीसारखा असतो. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑईल आत शिरून जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल, तर पाणी आत झिरपते आहे किंवा इंधन न जळताच बाहेर पडते आहे. म्हणून पहिली गोष्ट ही, की 'इंजिन गेले' असे कोणी म्हटले तरी लगेच ते उतरवू नका. काळा धूर पुष्कळदा तुंबलेल्या एअर फिल्टरने किंवा झिजलेल्या नोझलने येतो. नोझल आणि पंप तपासून घेतला, फिल्टर बदलला, की मरायला टेकलेले इंजिन पुन्हा गुणगुणू लागते. दट्ट्याच्या रिंगा, लायनर, हेडचे काम करूनही इंजिन पुष्कळ वर्षे चालते. ते तुमचे मूळचेच इंजिन असते, त्याचा नंबर तोच राहतो, आणि सरकारदरबारी काही बदलावे लागत नाही. खर्चाचा हिशेब करताना हा मार्ग नेहमी पहिला धरावा.

पण समजा, ब्लॉकलाच तडा गेला आहे आणि इंजिन बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मग कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम यासाठी आहे. त्याचा आशय साध्या भाषेत असा, की कारखान्याने गाडी जशी घडवली आणि नोंदणीच्या पुस्तकात तिचे जे वर्णन लिहिले गेले, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. नोंदणी अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या आर.टी.ओ. कार्यालयाच्या, संमतीने इंजिन बदलता येते. पण ते त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे असावे लागते. दहा किंवा त्याहून अधिक वाहतुकीच्या गाड्या असणाऱ्या मालकांना राज्य सरकार अधिसूचना काढून यात थोडी सवलत देऊ शकते, तीसुद्धा त्याच बनावटीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनापुरतीच. बदल झाल्यावर तो चौदा दिवसांच्या आत कळवून नोंदणीच्या पुस्तकावर चढवून घ्यायचा, असेही त्या कलमात आहे. गाडी कर्जावर असेल, तर ज्याच्या नावे बोजा आहे त्याची लेखी संमती आधी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत केरळमधील एका प्रकरणात हेच पुन्हा बजावून सांगितले, की कारखान्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत असा फेरफार चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

कोणी म्हणेल, "काय हो, माझी गाडी, माझे पैसे, कोणते इंजिन घालायचे ते मी ठरवीन. सरकारचा त्यात काय संबंध?" प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर धुरात आहे. एके काळी गावोगाव पेट्रोलवरच्या जुन्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन सर्रास बसवले जाई. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त, आणि धुराला मोजमाप नव्हते. पुढे मोजमाप आले. धुराची मर्यादा आपल्या देशात नव्या पेट्रोल गाड्यांना १९९१ साली आणि डिझेल गाड्यांना १९९२ साली प्रथम लागू झाली. त्यानंतर ती पायरीपायरीने आवळत गेली. २००० साली युरोपच्या धर्तीवरची पहिली पायरी देशभर आली. त्याच वर्षी शिसे घातलेले पेट्रोल देशातून बंद झाले. २०१० साली भारत स्टेज चार ही पायरी आधी तेरा शहरांत आली. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपले सोलापूरही होते. २०१७ मध्ये ती सगळीकडे आली, आणि पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी लागू झाली. म्हणजे प्रत्येक गाडी ज्या वर्षी जन्मली, त्या वर्षाच्या पायरीची खूण तिच्या अंगावर आहे. नव्या पायरीच्या गाडीत जुन्या पायरीचे इंजिन टाकले, तर ती रस्त्यावर नवी दिसते आणि धूर मात्र वीस वर्षांपूर्वीचा सोडते. तो धूर तुमच्याच गाडीच्या मागच्या फळीवर बसलेली पोरे गिळतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इंजिन कधी एकटे येत नाही, ते आपला संसार बरोबर घेऊन येते. जुन्या काळच्या इंजिनाचा संसार लहान होता. कार्ब्युरेटर, डायनामो, सायलेन्सर, झाले. आजच्या इंजिनाला मोठा परिवार असतो. पेट्रोलच्या गाडीत सायलेन्सरच्या आधी धातूच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर असतो. धूर त्यावरून गेला की विषारी वायूंचे रूपांतर बरेचसे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन यांत होते. परंतु ही किमया इंधन आणि हवा यांचे प्रमाण अचूक असेल तरच होते. म्हणून धुराच्या नळीत एक सेन्सर बसवलेला असतो. तो धुरात किती ऑक्सिजन उरला हे क्षणाक्षणाला पाहतो, आणि त्याच्या सांगण्यावरून गाडीतला लहानसा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत न जाऊ देता धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो. डिझेलच्या गाडीत थोडा धूर परत नळकांड्यात पाठवून आतील उष्णता कमी करणारी झडप असते, तिला ई.जी.आर. म्हणतात. सहाव्या पायरीच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी आणि वेळोवेळी ती जाळून टाकणारी गाळणी असते.

भंगारातून नुसता इंजिनाचा ठोकळा आणला आणि हा परिवार तिथेच सोडला, तर काय होईल? सेन्सर नसला तर संगणक आंधळा होतो. तो जास्त पेट्रोल सोडतो. जास्त पेट्रोलाने जाळी तापते आणि वितळते. वितळलेली जाळी धुराची वाट अडवते. गाडी ओढ धरत नाही. मग कोणीतरी सल्ला देतो, "ती मधली जाळी काढूनच टाका, गाडी पळेल." जाळी काढली जाते, भंगारवाला तिच्यातल्या धातूसाठी तिला चांगली किंमत देतो, आणि पुढच्या तपासणीला गाडी नापास होते. नवी जाळी घ्यायला गेले की मग तिची खरी किंमत कळते. ई.जी.आर.ला पत्रा ठोकून ती बंद करणे, हाही त्यातलाच प्रकार. पैसे वाचले असे चार महिने वाटते, एवढेच.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट इथेच सांगतो. सहाव्या पायरीच्या पुष्कळ मोठ्या डिझेल गाड्यांत, आणि काही लहान गाड्यांतही, धुरावर युरियाचे पाणी फवारण्याची व्यवस्था असते. युरियापासून अमोनिया होतो आणि तो घातक नायट्रोजन-वायूंचे साध्या नायट्रोजनात आणि पाण्यात रूपांतर करतो. हे पाणी ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. ते वाचून कोणी घरच्या पोत्यातला युरिया बादलीत विरघळवून गाडीत ओतील, तर घात होईल. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाने माखलेला असतो आणि त्यात इतरही अंश असतात. ते फवाऱ्याचे बारीक छिद्र आणि आतली जाळी बुजवून टाकतात. पिकाचा युरिया पिकालाच घालावा. तसेच नव्या गाड्यांच्या सायलेन्सरचा भाग फार तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीला खेटून कधी उभी करू नये.

इंजिन आणि त्याचा परिवार यांची ताटातूट करू नये, हे तत्त्व आपल्याच देशात निघाले असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराशी लढण्याचा इतिहास मोठा आहे. लॉस एंजेलिस शहरात १९४३ सालच्या उन्हाळ्यात एवढे दाट धुरकट आवरण पसरले, की लोकांचे डोळे चुरचुरले आणि पलीकडचे दिसेना. पुढे हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातले वायू आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगाने हे विष तयार होते. तिथे आज दुसरे इंजिन घालायला साफ मनाई नाही. पण ते गाडीच्याच सालचे किंवा त्याहून नवे असावे लागते, आणि ते ज्या गाडीतून आले तिच्या धूर-नियंत्रणाचा प्रत्येक भाग बरोबर आणून बसवावा लागतो. मग खास नेमलेला परीक्षक सारे तपासून गाडीवर तशी चिठ्ठी लावतो. आपला नियम याहून कडक आहे. तरी दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे. बदल केल्यामुळे धूर आधीपेक्षा वाढता कामा नये.

"मग डिझेलचे सी.एन.जी. करता येईल का?" असे पुष्कळ जण विचारतात. इंधन बदलण्यासाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, पण तीही परवानगीतूनच जाते. सरकारमान्य तपासणी संस्थेने मंजूर केलेला संच, तो ज्या गाडीसाठी मंजूर आहे त्याच गाडीत, अधिकृत केंद्राकडूनच बसवावा लागतो. अशा संस्थांपैकी काही आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याची ए.आर.ए.आय. ही १९६६ साली निघाली, आणि पूर्वीच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची व्ही.आर.डी.ई. ही संस्था आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सहाव्या पायरीच्या, साडेतीन टनांहून कमी वजनाच्या गाड्यांतील डिझेल इंजिन काढून सी.एन.जी. किंवा एल.पी.जी.चे इंजिन बसवण्यालाही नियमात जागा करून दिली. म्हणजे दार अगदीच बंद नाही. परंतु ते आर.टी.ओ.च्या अंगणातून उघडते, गॅरेजच्या मागून नव्हे. सी.एन.जी.च्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाखाली चाचणी करावी लागते, हेही विसरू नये. दिल्लीचे उदाहरण यासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९९८ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या साऱ्या शहर बसगाड्या सी.एन.जी.वर आणण्याचा आदेश दिला. मुदत टळत गेली, वाद झाले, काही बसगाड्यांना आगीही लागल्या. तरी २००२ अखेर डिझेलच्या शहर बसगाड्या तिथून गेल्या. नवे इंजिन जेवढे महत्त्वाचे, तेवढीच ते बसवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची दक्षता महत्त्वाची, हे त्या वर्षांनी शिकवले.

विहिरीवरचे ऑईल इंजिन गाडीला लावण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये. ते इंजिन एका जागी, एका गतीने चालण्यासाठी घडवलेले असते. त्याच्या धुराचे मोजमापही वेगळे आहे. असा जुगाड ना ब्रेकला झेपतो, ना कायद्याला.

आता कामाचा क्रम सांगतो. शक्य तर लिहून घ्या. पहिल्यांदा, इंजिन उतरवण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात अर्ज करा आणि संमती घ्या. नोंदणीचे पुस्तक, विमा, पी.यू.सी. आणि कर्ज असल्यास संमतीपत्र बरोबर ठेवा. कोणते इंजिन घालणार, ते त्याच बनावटीचे व प्रकाराचे आहे का, हे तिथेच विचारा. दुसरे, इंजिन घेताना पक्के बीजक घ्या आणि त्यावर इंजिनाचा नंबर लिहून घ्या. वापरलेले इंजिन असेल, तर ते कोणत्या गाडीतून निघाले त्याचे कागद मागा. नंबर खरवडलेला असेल, तर ते इंजिन फुकट दिले तरी घेऊ नका. ते चोरीचे असण्याचा संभव फार. तिसरे, परिवाराची मोजदाद करा. जाळी, सेन्सर, ई.जी.आर., संगणक, वायरिंग, सारे आले का ते पाहा. चौथे, धुराच्या नळीचे सांधे नीट बसले आहेत का ते चालू इंजिनावर तपासून घ्या. ही गोष्ट लहान वाटते, पण इंजिन बदलल्यावर सांधा सैल राहिला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. थंडीत काचा लावून निघालेल्या माणसांना गुंगी येते आणि कारण कळत नाही. डोके जड होऊ लागले, तर ताबडतोब गाडी थांबवून बाहेर मोकळ्या हवेत या. पाचवे, पी.यू.सी. करून गाडी आर.टी.ओ.ला दाखवा आणि नवा नंबर पुस्तकावर चढवून घ्या. शेवटी विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर पुस्तकातला नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही, तर भरपाईच्या वेळी नको ते प्रश्न निघतात, आणि तेव्हा उत्तर द्यायला उशीर झालेला असतो.

पी.यू.सी.विषयी एक शब्द. नव्या गाडीला एक वर्षानंतर हे प्रमाणपत्र लागते. पुढे जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी आणि चौथ्या पायरीपासूनच्या गाड्यांना दर वर्षी ते घ्यावे लागते. त्यावर दोन आकडे असतात, एक मर्यादेचा आणि एक तुमच्या गाडीचा. चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दुसऱ्या पायरीपूर्वीच्या गाड्यांना ३ टक्के होती. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला ती अर्ध्या टक्क्यावर आली, चौथीला ०.३ टक्क्यांवर. आकडा मर्यादेच्या आत असला तरी गेल्या वेळेपेक्षा वाढला असेल, तर इंजिन काहीतरी सांगू पाहते आहे. गाडी न नेता नुसता कागद आणणारे महाभाग असतात. वैद्याकडे आजारी माणसाऐवजी त्याचा सदरा पाठवावा, तसलाच तो प्रकार.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. हा विषय वर्गात घ्यायला मोठी साधने लागत नाहीत. मेणबत्तीच्या ज्योतीत पांढरी बशी क्षणभर धरा. बशीला काजळी लागेल. बशी ज्योतीच्या वर चार बोटे उचलून धरा. काजळी जवळजवळ लागणार नाही. अपुरे जळण आणि पुरे जळण यांतला फरक मुलांना पुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा लवकर कळेल. घरच्या गाडीच्या पी.यू.सी.वरचे दोन आकडे वहीत उतरवून आणायला सांगा आणि त्यांची तुलना करू द्या. गणिताचाही तास होईल. शाळेसमोर मुले उतरवताना गाडी चालू ठेवून उभी करू नये, एवढे जरी मुलांनी घरी जाऊन वडिलांना सांगितले, तरी शाळेच्या दारातला धूर कमी होईल. मात्र मुलांना सायलेन्सरजवळ जाऊ देऊ नका.

"खेड्यात कोण तपासतो?" असे म्हणणारे भेटतील. त्यांना एवढेच सांगावे, की गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणजे पुन्हा नोंदणीसाठी तिला न्यावेच लागते, आणि वाहतुकीच्या गाडीला पासिंग त्याहून पुष्कळ आधीपासून लागते. तिथे इंजिनाचा नंबर पाहतात. कित्येक वेळा दोष आताच्या मालकाचा नसतो. त्याने गाडी जुनी घेतलेली असते आणि आधीच्या कोणीतरी परस्पर इंजिन बदललेले असते. गाडी अडकते ती मात्र आजच्या मालकाची.

म्हणून ज्यांनी गाडी दुसऱ्याकडून घेतली आहे, त्यांनी उद्या सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे, ओल्या फडक्याने ब्लॉकवरचा नंबर पुसावा आणि तो नोंदणीच्या पुस्तकाशी अंक-अंक ताडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. जुळला तर निर्धास्त व्हा. न जुळला तर बीजक आणि जुन्या मालकाचा पत्ता आजच शोधा, आणि आपण होऊन आर.टी.ओ. कार्यालयाची पायरी चढा. पासिंगच्या दिवशी तिथे अडून बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.